बागेतली जबानी

ता. ५ जानेवारी १८८९, शनिवार. कल्याण.

मामलेदारसाहेब दौऱ्यावर, कचेरीत काम हलके. दोन जबान्या लिहून घेतल्या, दोन्ही बांधाच्या भांडणाच्या. लवकर सुटलो.

उद्या ठाण्यास जायचे नक्की. नौपाड्याचे बापूसाहेब सहकुटुंब भेटणार. मुलगी बघणे म्हणायचे नाही, सहज भेट म्हणायची. त्यांचा मधला मुलगा सोळाचा, इंग्रजी शाळेत. आमच्या चि. यमूला दहावे लागले. पत्रिका जुळली. घर तालेवार, आमच्यापेक्षा वरचे. भेटीची जागा त्यांनीच सुचवली. तलावापलीकडे एका शेटजींनी बाग केली आहे, तीत जनावरे पाळली आहेत, रविवारी सर्वांस मोकळी असते.

यमूला स्थळाचे काही नाही. बिबळ्या जिवंत असतो की पेंढा भरलेला, एवढे दहादा विचारले. सौ.ने दशम्या नि लाडू बांधले.

ता. ७, सोमवार.

काल काही लिहिले नाही. कचेरीस जाण्यापूर्वी लिहितो. जसे घडले तसे.

सकाळच्या आगगाडीने गेलो. बाग छान आहे. कलमी आंबे, नेच्यांच्या कुंड्या, पाण्याचे पाट. मोर, सांबरे, टाक्यात एक सुसर. बापूसाहेब प्रसन्न होते. यमू त्यांच्या कुटुंबाबरोबर नीट चालत होती, सौ.ने शिकवले तशी.

शेवटी बिबळ्याचा पिंजरा. पुढे लाकडी कठडा. राखणदार म्हणजे पास्कू नावाचा ख्रिस्ती, खाडीकाठच्या वाडीतला, पन्नाशी उलटलेला. यमूशी आपण होऊन बोलू लागला. जनावराचे नाव सोन्या, पिल्लू असताना शेटजींनी आणले, वगैरे. सोन्या आमच्याकडे पाठ करून निजलेला.

बापूसाहेब हसले. म्हणाले, "हा बिबळ्या का गोणपाट? एवढ्यासाठी पोरीला कल्याणहून आणलीत?"

थट्टाच होती. पण मला ती अंगाला लागली. बाग त्यांनी सुचवलेली, तरी जनावर उठत नाही हा दोष माझा असे काहीतरी वाटले. कठड्यावरून वाकलो आणि छत्रीचे टोक त्याच्या बरगडीत लावले.

पास्कू म्हणाला, "राव, काठी नका लावू. म्हातारा हाय, त्याला दिसत नाय. बिचकंल."

मी म्हणालो, "तू आपलं काम कर."

बापूसाहेबांचे कुटुंब पदराआड हसले. दुसऱ्यांदा जोराने मारले, मानेजवळ.

तो वळला ते दिसलेच नाही. छत्री पंजात गेली. सोडायचे सुचले नाही, माझी छाती कठड्यावर आपटली, हात गजांशी जाऊ लागला. पास्कू मध्ये शिरला, खांद्याने मला मागे लोटले. त्याचा उजवा हात गजांपाशी राहिला. इतकेच. प्रथम तो ओरडलाही नाही. रक्त पाहून सौ. मटकन खाली बसली. यमूने डोळे मिटले नाहीत.

त्याला छकड्यात घालून इस्पितळात नेले. बागेचा कारभारी धावत आला. "कुणी डिवचलं जनावराला?"

मी सांगितले, "आम्ही कठड्याच्या अलीकडे उभे होतो. जनावर निजले होते. राखणदाराने आम्हांस करामत दाखवण्यासाठी आपण होऊन हात घातला. आम्ही नको म्हणत होतो."

"छत्री आत कशी?"

"त्या गडबडीत पडली."

बारा वर्षे लोकांच्या जबान्या लिहितो आहे. कोणते वाक्य आधी ठेवायचे ते मला विचार न करता येते. बापूसाहेब म्हणाले, "अगदी असंच." कारभाऱ्याने हात जोडले, आपल्याला तसदी झाली म्हणाला, आत नेऊन खुर्ची दिली.

यमू माझ्या अंगरख्याचे टोक धरून उभी होती. ते तिने केव्हा सोडले कळले नाही. गाडीत आईच्या पलीकडे बसली.

ता. ८, मंगळवार.

जेवण झाल्यावर सौ.ने विचारले, "इकडून तसं सांगणं झालं, ते कशासाठी?"

म्हटले, "तुझ्या मुलीसाठी."

"तिच्या नावावर नको."

मग उष्टी काढू लागली. मी रागावलो. रागवायला जागा नव्हती म्हणून जास्तच.

ता. १०, गुरुवार.

बापूसाहेबांचे पत्र. मुलगी पसंत. लग्नाच्या याद्या माघात कराव्या म्हणतात. "त्या दिवशीचे आपले प्रसंगावधान पाहून संतोष वाटला." खाली सहज म्हणून एक ओळ: राखणदाराची दोन बोटे इस्पितळात काढली, शेटजींच्या हुकुमाने त्याला कामावरून दूर केले, बागेची शिस्त राहिलीच पाहिजे.

घरात पत्र वाचून दाखवले. शेवटची ओळ वाचली नाही. सौ.ने पत्र मागून घेतले, तिला अक्षरे लागत नाहीत, यमूकडून वाचवून घेतले. यमूने शेवटपर्यंत वाचले. न अडखळता.

ता. १२, शनिवार. संक्रांत.

यमूने आळीभर तिळगूळ वाटला. शेजारच्या काकूंना वाकून, गोड बोला म्हणून. मग माझ्यापाशी आली, हातावर तिळगूळ ठेवला, नमस्कार केला आणि गेली. गोड बोला म्हणाली नाही.

विसरली असेल. नाही, विसरली नाही.

ता. १३, रविवार.

ठाण्यास एकटाच गेलो. काम आहे असे सौ.ला सांगितले. तिने कोणते विचारले नाही.

पास्कूची वाडी शोधायला वेळ लागला. घरांपुढे चुन्याचा क्रूस, मागे खाडी, दांडीवर जाळी वाळत. तो अंगणात बाजेवर बसला होता, हात फडक्याने गळ्यात बांधलेला. मला ओळखले. "या," म्हणाला.

त्याच्या बायकोने तांब्या आणून पुढे केला. मी म्हणालो, आत्ताच प्यालो. उन्हातून दोन कोस आलेला माणूस, ओठ सुकलेले तिला दिसत होते. आपल्या हातचे का नको ते तिला कळले. तांब्या घेऊन आत गेली. ज्याचे दोन बोटांचे देणे लागतो त्याच्या घरचा घोट मला चालेना. शिकलेला म्हणवतो. परत बोलावून मागावे असे तिथे बसल्या बसल्या वाटत राहिले. मागितले नाही.

म्हटले, "चूक झाली."

"कोनाची?"

"माझी."

"मना म्हायती हाय," पास्कू म्हणाला. "मना सांगून काय व्हयाचा? कारभाऱ्याला सांगा. त्याला म्हायती नाय."

आवाज चढला नाही. शिवी दिली असती तर बसणे सोपे गेले असते. मग म्हणाला, "पोरगी बरी हाय ना? लय भ्याली आसंल." मी होय म्हणालो. पुढे तो त्या जनावराचेच बोलत राहिला. नवा गडी हाडासकट मांस टाकतो. सोन्याला दाढा नाहीत, बारीक करून द्यावे लागते. उपाशी मरेल.

सांगतो म्हणून उठलो. बागेचा रस्ता सरळ होता. पण बापूसाहेबांनी साक्ष दिली आहे, त्यांना आधी विचारायला हवे, अशी समजूत घालून नौपाड्यास वळलो.

बापूसाहेबांनी ऐकून घेतले. म्हणाले, "आता उकरून काय मिळायचं? त्याची बोटं उगवणार आहेत? मी तुमच्या शब्दाला दुजोरा दिला तो तुम्ही आमचे म्हणून. मला खोटं पाडणार का? सोयरीक म्हणजे दुसरं काय, एकमेकांचं झाकून घेणं."

मी मान हलवली. त्यांनी पानाचे तबक पुढे केले. त्यांच्याकडे पाणीही प्यालो, दोन पेले.

बागेकडे न जाता परत.

ता. १५, मंगळवार.

कचेरीत एक कोळीण जबानीला. होडी कोणी सोडली याची फिर्याद. साहेबांनी दटावले, खरं सांगतेस ना. ती म्हणाली, "साहेब, मी त्याला सोडताना बगितला नाय. शेजारीन सांगते त्याने सोडली. मी बगितला नाय." तिचीच फिर्याद, एका शब्दात जिंकली असती. नाही म्हणाली.

माझी लेखणी थांबली. साहेब म्हणाले, काय झालं? म्हटले, टाक बिघडला.

ता. १७, गुरुवार.

सौ.ला सगळे सांगितले. तिथे पाणी नाकारले तेही. ती तांदूळ निवडत होती.

म्हटले, "खरे सांगितले तर स्थळ जाईल."

बराच वेळ सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "जाईल तर जाईल. पोर दहाव्यात आहे, विसाव्यात नाही." थोड्या वेळाने: "आणि ते झाकणारं घर. उद्या आपल्या पोरीचं तिथे काय काय झाकतील?"

हे मला सुचायला हवे होते. सुचले नव्हते.

ता. १९, शनिवार.

जबानी लिहायला बसलो. स्वतःची. पहिल्या कागदावर "अनवधानाने" आले, फाडला. दुसऱ्यावर "सोबतच्या गृहस्थांच्या थट्टेवरून", तोही. लोकांच्या जबानीत असले शब्द आले की मी मनात हसतो.

तिसरा असा: "मी छत्रीने जनावरास दोनदा डिवचले. राखणदार नको म्हणत होता. मला वाचवताना त्याची बोटे गेली. मी कारभाऱ्यास खोटे सांगितले." खाली सही, पुरे नाव, कचेरीचा हुद्दा. हुद्दा घालायचा की नाही यावर अर्धा तास गेला. घातला.

ता. २०, रविवार. ठाणे. तलावाच्या पायरीवर, पेन्सिलीने.

यमू बरोबर आली. आणणार नव्हतो. तीच परकर सावरून दारात उभी राहिली, सौ. म्हणाली, न्या.

कारभाऱ्याने कागद दोनदा वाचला. आज खुर्ची दिली नाही. म्हणाला, "शेटजी सुरतेस आहेत. आले की पुढे ठेवीन. पास्कूचं काय करायचं ते तेच ठरवतील." मग, "बापूसाहेबांना ठाऊक आहे?"

"आज सांगतो."

"आधी विचार करायचा होता," म्हणाला. छत्री लावली त्या रविवारी की आज, ते विचारले नाही. कागद फडताळात टाकला. फडताळाला कुलूप लावले नाही. खरे लिहायचे तर, तो हरवला तर बरे असे अजून वाटते आहे. शेटजींनी वाचला तरी पास्कूला परत घेतील याचा नेम नाही. कचेरीत कळले तर माझेही काय होईल कोण जाणे.

यमूला विचारले, सोन्याला पाहायचे का. नको म्हणाली.

आता नौपाडा. बापूसाहेब दुपारी निजतात, उन्हे कलल्यावर जावे म्हणून बसलो आहे. निदान तसे यमूला सांगितले. उन्हे केव्हाच कलली.

तिला म्हटले, "तू इथे देवळाच्या ओट्यावर थांब. मी जाऊन येतो."

"किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही."

"मग मी येते."

तिथे काय ऐकावे लागेल, तिच्यासमोर काय बोलतील, ठाऊक नाही. आणि ती समोर नसली तर मी काय बोलेन, तेही खात्रीने सांगता येत नाही. हे लिहिताना मान वर होत नाही.

विचारते आहे, किती लिहायचे राहिले. झाले म्हटले. उठून उभी राहिली आहे. नौपाड्याचा रस्ता तिला माहीत नाही, तरी चार पावले पुढे गेली आहे.