तीस अँपिअरचा हिरवा फ्यूज

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून या घराची वीज मी बनवणार. निर्णय पक्का.

कारण लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात संध्याकाळी लाइट गेले आणि आई पॅसेजमधल्या स्टुलाला अडखळून पडली. हाड मोडलं नाही, मनगट सुजलं. ही बातमी दादाला कोणी दिली कळत नाही. (हिनेच दिली.) काल त्याचा फोन. म्हणाला, तुझ्याकडे दिवसाआड लाइट जातात, आईचं वय एक्याऐंशी, मी चोवीस तारखेला गाडी घेऊन येतो आणि तिला कायमची माझ्याकडे नेतो. त्याच्या सोसायटीत जनरेटर आहे. जनरेटरचा उल्लेख तीनदा केला.

आई कुठेही जाणार नाही. चोवीसच्या आत पॅसेजमध्ये आणि तिच्या खोलीत असा उजेड पाडतो की दादाला गॉगल लावावा लागेल.

३ मार्च, मंगळवार.
सोलर पॅनेल, बॅटरी, कंट्रोलर आणि छोटा इन्व्हर्टर आले. पॅनेल गच्चीवर, बॅटरी बाल्कनीत, इन्व्हर्टर पॅसेजमध्ये. सोबत नवशिक्यांसाठी एक पुस्तिका आहे. नवशिक्यांनी वाचावी.

माझी पात्रता: विमा कंपनीत एकतीस वर्षं, त्यातली बावीस आगीच्या दाव्यांच्या टेबलावर. 'वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा फ्यूज. दावा नामंजूर.' हा शेरा मी इतक्यांदा लिहिलाय की झोपेतही लिहीन. ज्याने बावीस वर्षं लोकांचे फ्यूज नामंजूर केले त्याला फ्यूज कोण शिकवणार? ही म्हणाली, पण तुम्ही फ्यूज कधी हातात धरलाय का? प्रश्न गैरलागू. फायलीत फोटो असायचे.

५ मार्च, गुरुवार.
वायर आणली. आपल्या रस्त्यावर इलेक्ट्रिकचं चांगलं दुकान एकच, वायरवाल्याचं. तिथे जाणं शक्य नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या गोदामाला आग लागली आणि फाइल माझ्या टेबलावर आली. शेरा वर दिलाच आहे. तेव्हापासून तो समोरून आला की मी चपलांच्या दुकानाच्या काचेत बघत उभा राहतो. त्या दुकानातल्या सगळ्या चपला मला पाठ आहेत.

म्हणून शोभेच्या दिव्यांच्या दुकानातून घेतली. पांढरी, नाजूक, भिंतीला शोभेल अशी. पुस्तिका म्हणते, बॅटरी बारा व्होल्टची असते, तेवढ्याच कामाला करंट कितीतरी जास्त लागतो, म्हणून वायर जाड घ्या. काहीतरीच. घरात दोनशेतीस व्होल्ट बारीक वायरीतून येतात, मग बाराला जाड कशाला? पुढे म्हणते, अंतर जाऊन-येऊन मोजा. वीज काय घरी डबा विसरली म्हणून परत येते? एकेरी मोजलं.

फ्यूज कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून. गाडीत असतात तसे चपटे, रंगीत. लाल दहा अँपिअर, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. प्रत्येकी अर्धा डझन. त्याने विचारलं, गाडी कुठली? मी म्हटलं, घर.

८ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.४०.
पॅसेजमध्ये बल्ब लागला! नऊ वॉट. सूर्याचा.

सगळ्यांना बोलावून दाखवला. सगळे म्हणजे ही आणि आई. ही म्हणाली, छान, आता तो मधला स्टूल तेवढा उचला. हलवतो म्हटलं, सध्या त्यावर पकड आणि पुस्तिका आहे. आई म्हणाली, डोळ्यावर येतो रे. कौतुक करायची तिची पद्धत आहे.

फ्यूज लाल. बॅटरीशेजारी लावा असं पुस्तिकेत आहे, पण तिथे कोण बघणार? पॅसेजमध्ये स्विचबोर्डाखाली लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे.

११ मार्च, बुधवार.
बल्बासोबत आईच्या खोलीतला पंखा आणि तिथला दुसरा बल्ब जोडला. लाल फ्यूज उडाला. दुसरा लाल लावला, तोही उडाला. दहा अँपिअर म्हणजे अगदीच भित्रा. निळा लावला. पंखा सुरू.

१४ मार्च, शनिवार.
टीव्ही जोडला. निळ्याने बातम्या संपेपर्यंत दम धरला, मग गेला. पुस्तिका म्हणते, फ्यूज उडाला तर आधी कारण शोधा. शोधलं. फ्यूज लहान होता. पिवळा लावला.

मेन स्विच बंद करून चाचण्या घेतो, त्यामुळे सध्या घरात काळोख जरा वाढला आहे. ही म्हणाली, पूर्वी दिवसाआड लाइट जायचे, आता तासातासाला जातात. तिला मोठं चित्र दिसत नाही. आईची मात्र तक्रार नाही. भिंतीला हात लावून चालते. पलंगापासून पॅसेजच्या टोकापर्यंत अकरा पावलं आहेत म्हणे, स्टूल सातव्या पावलाला डावीकडे. मी तिला सांगितलं, हे पाठ करायची गरज नाही, चोवीसपासून लखलखाट आहे. ती म्हणाली, बरं.

१७ मार्च, मंगळवार.
इन्व्हर्टर अधूनमधून कुंई कुंई करतो. नवीन यंत्र आहे, रुळेल. हिने वायरला हात लावून पाहिला. म्हणाली, अहो, गरम लागतेय. मी म्हटलं, काम करणारी वस्तू गरम होणारच, मीसुद्धा होतो. ती म्हणाली, तुम्ही काम न करताच होता.

वायर पायात येऊन आई पुन्हा पडू नये म्हणून ती तिच्या दारातल्या जाड पायपुसण्याखालून घेतली. कोणी विचार केला असता एवढा? दादाच्या जनरेटरने?

२० मार्च, शुक्रवार.
दादा ज्या खोलीत बसेल तिथला पंखाही जोडला, त्याचा फोन चार्ज व्हावा म्हणून चार्जरही. त्याला सगळ्या बाजूंनी गार करायचं आहे. रंगीत तालमीत पिवळा उडाला. दुसरा पिवळा उडाला.

हिरवा लावला. तीस अँपिअर. एकदम शांतता. पाऊण तास सगळं चाललं, हिरवा हललासुद्धा नाही. माणूस असावा तर असा.

माहीत आहे मला, बावीस वर्षं मी काय लिहिलं ते. पण ते इतरांबद्दल होतं. ते लोक निष्काळजी होते.

२२ मार्च, रविवार.
आईने माळ्यावरची बॅग हिच्याकडून काढून घेतली. पलंगाखाली ठेवली आहे. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दुपारभर कशातच लक्ष लागेना. ती गेली तर सकाळी माझ्या हातातून पेपर ओढून पहिलं पान कोण घेणार? बासष्टाव्या वर्षी मला 'स्वेटर घाल' कोण सांगणार? तिने जाऊ नये असं मला वाटतं. फार वाटतं. तोंडाने सांगता येत नाही, म्हणून तर हे सगळं वायरीने सांगतोय.

दोन दिवस उरले. हिरवा भक्कम आहे.

२४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.
दादा चारला आला. आल्या आल्या भिंतीवरच्या वायरीकडे बघून म्हणाला, हे काय, शोभेचं आहे का? मी फक्त हसलो.

आज लाइटच जाईनात. महिनाभर नको तेव्हा जात होते. मीटरखाली दोनदा जाऊन उभा राहिलो. साडेसातला, काळोख पडला की मीच मेन स्विच बंद करणार आहे. दादाला सांगणार, गेले बघ.

२५ मार्च, बुधवार. सकाळ.
काल लिहायचं राहिलं.

मेन बंद केला आणि आपलं सगळं लागलं. दोन बल्ब, दोन पंखे, टीव्ही. दादाने फोन चार्जरला लावला आणि पंख्याखाली खुर्ची ओढली. ती दहा-अकरा मिनिटं मी विसरणार नाही.

मग तो म्हणाला की तरी जनरेटर तो जनरेटर, आणि मी म्हटलं की सूर्य तो सूर्य, आणि आमचं लहानपणासारखं जुंपलं. पायपुसण्यातून धूर येतोय हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. वास आला आईला, खोलीत. धूर तिच्याच दारात होता. तिने काठीने पायपुसणं बाजूला ढकललं, बाल्कनीत गेली, हातावर नॅपकिन गुंडाळला आणि बॅटरीला वायर जोडणारा चिमटा उपटून काढला. काळोख गुडुप. दादा उठून पॅसेजकडे धावला आणि स्टुलावर आपटला. तो विव्हळतोय, मी टॉर्च शोधतोय, ही मेन स्विच चाचपडतेय. तेवढ्यात आईचा आवाज आला, की हलू नका, मी येते. आली. दादाला एका हाताने, मला दुसऱ्या हाताने धरून पावलं मोजत बाल्कनीत नेलं. आम्हाला तिथे बसवलं, मी पाच आणि तो सात वर्षांचा असताना बसवायची तसं.

पायपुसण्याला तळहाताएवढं भोक. वायरीचं पांढरं प्लास्टिक वितळून फरशीला चिकटलेलं. आणि हिरवा फ्यूज जागच्या जागी, ठणठणीत, एक ओरखडा नाही.

असे शेकडो फोटो मी पाहिलेत. फोटोंना वास नसतो. मी घाबरलो होतो, एकदा लिहून टाकतो. आई त्या दारातून आली होती.

२६ मार्च, गुरुवार.
आईने वायरवाल्याला फोन केला. मला न विचारता. तो तासाभरात हजर. घरात बघायला चपला नव्हत्या, म्हणून मी कॅलेंडरकडे बघत राहिलो.

त्याने बोटाएवढ्या जाड वायरी टाकल्या. एक पंखा आणि दोन बल्बच ठेवले, निळा फ्यूज थेट बॅटरीशेजारी लावला. आईला समजावून सांगत होता, मला नाही: आजी, फ्यूज वस्तू चालवायला नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. वायर बारीक आणि फ्यूज दांडगा असला की आधी वायर जाते. फ्यूजने उडून सांगितलं होतं, ऐकायला हवं होतं. आई म्हणाली, लहानपणापासून असाच आहे.

सवयीने मी त्याच्याकडे लेखी अहवाल मागितला. त्याने कागदावर लिहिलं, 'वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा फ्यूज.' मग थांबला आणि पेन माझ्यापुढे धरलं. म्हणाला, पुढचे दोन शब्द तुमचे आहेत, साहेब. तुमचं अक्षर सुंदर आहे, माझ्याकडे जपून ठेवलंय.

मी लिहिले नाहीत. दारापर्यंत पोचवायला गेलो. त्या गोदामाबद्दल काहीतरी बोलायचं होतं, पण वायर चांगली जाड आहे एवढंच बोललो. तो म्हणाला, हो.

२८ मार्च, शनिवार.
दादा आज गेला. घोट्याला पट्टी, म्हणून ड्रायव्हर बोलावला होता. शेजारची सीट रिकामी. आई गेली नाही.

यश. संपूर्ण, निर्विवाद यश. उद्दिष्ट होतं आईने इथे राहणं. आई इथे आहे. मधले तपशील गौण.

काल दादाने तिची बॅग उचलली, तेव्हा तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली. म्हणाली, अरे, जायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण तुझ्याकडे सगळं नीट आहे. इथून मी गेले तर याच्यावर लक्ष कोण ठेवणार, हा घर पेटवून देईल. हे ती गमतीने म्हणाली असावी. ही मात्र जोरजोरात मान हलवत होती.

काल संध्याकाळी खरोखरचे लाइट गेले. पॅसेजमध्ये आणि आईच्या खोलीत बल्ब लागले. आईने तिच्या खोलीतला बंद केला. म्हणाली, डोळ्यावर येतो.

उरलेले फ्यूज आईने कपाटात ठेवलेत. किल्ली तिच्या उशाखाली असते. पॅनेल मात्र गच्चीवर दिवसभर नुसतं तळपतं. त्यावर माझ्या अभ्यासिकेतला एक पंखा सहज चालेल. फार नाही, एक पिवळा फ्यूज हवा. आज तिच्याकडे रीतसर लेखी अर्ज केला, कारणासहित. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला, माझंच पेन मागून घेतलं आणि खाली शेरा लिहिला.

नामंजूर.