पंधरा मिनिटं कंटाळत

बाई, मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले होते आणि तुम्ही ते तिथल्या तिथे पकडलं होतं. तिथूनच सुरुवात करते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. बी.एस्सी. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली आणि ‘प’ आला की ओठ मिटून बसणारी. पुण्यात नव्या सॉफ्टवेअर कंपन्या येत होत्या, मैत्रिणी एकेक करून नोकरीला लागत होत्या. मी लेखी परीक्षा पास व्हायचे आणि मुलाखतीतून अर्ध्यात उठून यायचे. आई म्हणायची, “बोलता येत न्हाय तर ऱ्हाऊ दे. लग्नाचं बघू. तिथं कुठं बोलायला लागतंय?” आमच्या धायरीत सगळ्यांना ते पटत होतं. तुम्ही शाळेतून निवृत्त झाला होतात आणि अडखळणाऱ्या मुलांना घरी वाचायला बसवत होतात, एवढं ऐकून मी कोथरूडला आले. कंडक्टरला ‘पौड फाटा’ सांगता येईना, म्हणून नळ स्टॉपचं तिकीट काढलं आणि पुढचं अंतर चालले.

तुमचं औषध एकच. रोज पंधरा मिनिटं पेपर मोठ्यांदा वाचायचा, सावकाश, अक्षराला धक्का न देता, आणि शनिवारी तुमच्यासमोर. पहिले दोन महिने मी पेटून वाचलं. मग काही बदलेना. भाऊ पलीकडच्या खोलीतून माझी नक्कल करायचा, आई भांडी जरा जोरात आपटायची. पाचव्या महिन्यात मी वाचणं सोडलं आणि शनिवारी नुसती येत राहिले.

तुम्ही विचारता, “वाचतेस ना?”

“हो बाई, रोज वाचते.”

“काल काय वाचलंस?”

माझी नजर तुमच्या हातातल्या पेपरावर जाते. तुम्ही पेपरची घडी घालता. “वा. खोटं बोलताना मात्र कुठे अडखळली नाहीस.”

मला रडू येतं, रागही येतो. “मला आता इच्छाच होत नाही, बाई. काही उप... उप... उपयोग नाही.”

“इच्छा मी कुठे मागितली? पंधरा मिनिटं मागितली. उद्यापासून कंटाळत वाच. मला चालेल.”

त्या दिवशी चहासुद्धा दिला नाहीत. मी धायरीपर्यंत तुम्हाला मनातल्या मनात बोल लावत गेले आणि दुसऱ्या दिवशी कंटाळत वाचलं. तिसऱ्या दिवशीही. चांगलं वाटण्याची वाट बघणं हळूहळू सुटलं.

पुढच्या मुलाखतीत समोर तिघं होते. “प्रोजेक्टबद्दल सांगा,” मधले गृहस्थ म्हणाले. पहिलाच शब्द ‘प’चा. ओठ मिटले ते उघडेनात. एकाने घड्याळ बघितलं, दुसऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मागच्या खेपेला मी इथेच उठले होते. पाय आताही उठायला बघत होते. मी श्वास सोडला आणि म्हणाले, “मला वेळ लागतो. पण मी सांगणार आहे.” आणि सांगितलं, अडत, थांबत, शेवटपर्यंत. खोलीत कुणी हललं नाही. तीन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं. अडखळणं गेलं नाही, अजूनही आहे. तुम्हाला पेढे द्यायला आले तर म्हणालात, “मग आता वाचन बंद?” मी नाही म्हटलं. “बरं,” म्हणालात आणि पेढा घेतलात.

काही वर्षांनी तुमच्या मुलाचा फोन आला. पक्षाघाताने तुमची वाचा गेली होती. “आई रोज पेपर घेऊन बसते, एकेक अक्षर काढते. तुम्ही आलात तर तिला बरं वाटेल,” ते म्हणाले. मी येते म्हटलं. त्यानंतर दोन महिन्यांत तुम्ही गेलात. नंतर मी घरी भेटायला आले तेव्हा तुमच्या मुलाला सांगितलं, की ऑफिसातून निघताच आलं नाही.

हे पत्र कुणाकडे जाणार नाही, म्हणून लिहिते. मी आले होते, बाई. तुमच्या मजल्यापर्यंत चढले होते. दाराआडून तुमचा आवाज येत होता, एकाच अक्षरावर पुन्हा पुन्हा अडणारा. तुम्ही माझं वर्षभर ऐकलंत. मला तुमचं पाच मिनिटंही ऐकवलं नाही. मी बेल न वाजवता खाली उतरले.