खिडकीला मारलेला पंप

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार करते, पण दात-ओठ खाऊन. मी बरी आहे. धुलाई कारखान्यात आता घड्या घालायला बसवलंय, वाफेचा त्रास नाही. आईचा गुडघा कसा आहे?

तुमचं सोंग कळलं. मी फोनवर दम्याच्या पंपावरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा विचारते, म्हणून तो उतरावा यासाठी तुम्ही रोज पंप खिडकीबाहेर उडवता! घड्याळजी ना तुम्ही? काटे हाताने पुढे सरकवून दिवस मावळतो का? आणि आईवर डाफरू नका, तिला मीच खोदून विचारलं.

म्हणे, औषधाची सवय लागेल. लागायलाच हवी! सकाळ-संध्याकाळ, डॉक्टरांनी लिहिलाय तेवढाच ओढायचा आणि चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. एकदम दम लागला तर त्याला निळा पंप वेगळा दिलाय. तेव्हा हाच सहा-सहादा मारून छातीत धडधड करून घेऊ नका.

दमा खिडकीला नाही, बाबा. मागच्या रविवारी बोलताना चौथ्या शब्दाला थांबलात, काल तिसऱ्यालाच.

राग आला असेल तर फोन करून मला मनसोक्त शिव्या द्या. एकही मध्ये तुटली नाही, तर मी गप्प बसेन.

तुमच्याच वळणाची,
लेक