नसलेल्या भिंतीला वळसा

४ मे
आज शाळेच्या दोन्ही खोल्या पडल्या. म्हणजे आम्हीच पाडल्या. कल्पना माझी. आमदारसाहेबांनी प्रचारात दोन नव्या खोल्या कबूल केल्या होत्या, आणि त्यांचे पीए म्हणाले, जागा मोकळी दाखवा, निधी लगेच पडतो. ग्रामसभेत मी उभी राहून बोलले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आणि शाळेवरची मानधनाची मॅडम, त्यामुळे गावानं ऐकलं. मुख्याध्यापक सिद्धेश्वर सर तेवढे म्हणाले, "मॅडम, आधी ऑर्डर हातात येऊ द्या." सरकारी नोकरीत माणसाचा विश्वास मरतो तो असा. माझा मरू देणार नाही.
पहिला घण माझ्या वडिलांनी, आबांनी घातला. ते याच खोलीत चौथीपर्यंत शिकले. डोळे का पुसताय विचारलं तर म्हणाले, "धूळ हाय."
पत्रे सरपंच आण्णासाहेबांच्या गोठ्यावर गेले. तात्पुरते.

१६ जून
पाया नाही. साहेब मुंबईत आहेत, म्हणजे पाठपुरावा चालू असणार. चारही वर्ग समाजमंदिरात एकत्र. एक प्रकारे हा नवा प्रयोगच आहे.
प्रार्थना मात्र जुन्या जागेवर घेतली. पोरं आली, दार होतं तिथं चपला काढल्या आणि एकामागून एक आत गेली. भिंतीतून कुणीच गेलं नाही. मला हसू आलं. सवय, दुसरं काय. बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं.

८ जुलै
सवय आठवड्यात जाईल असं वाटलं होतं. खिचडी शिजवणाऱ्या कस्तुराबाई अजून पातेलं घेऊन चौथीच्या खोलीला वळसा घालून येतात. म्हटलं, सरळ या की. तर म्हणाल्या, "भित्तीतनं कशी येऊ, बाई?" आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच खुळी. कुत्रंसुद्धा दारातूनच आत जातं.
संध्याकाळी तिथून पाढे ऐकू येतात म्हणे. शनिवारी अंधश्रद्धेवर तास घ्यायचा. नक्की.
पीएंना फोन केला. फाईल फिरतेय म्हणाले. फिरतेय म्हणजे थांबलेली नाही.

२२ ऑगस्ट
समाजमंदिरात साखरपुडा. शाळेला सुट्टी.
आणखी काही पोरं खाजाभाईंच्या व्हॅनमधून मुरुमच्या इंग्लिश शाळेत जायला लागली. व्हॅन अडवून मी जाब विचारला. म्हणाले, "म्या नेत न्हाय मॅडम, आई-बाप पाठवायलेत. लेकराला टेकायला भिंत तर पाहिजे का न्हाय?" वर म्हणे, "तिथं मराठीला मास्तर कोणी टिकंना. तुम्हीच चला की."
मी त्यांना सार्वजनिक शिक्षणाबद्दल सविस्तर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दरवाजा लावू का आता?"

३ ऑक्टोबर, दिवेलागण
जुन्या जागेवरून एकटीच येत होते. वारा सुटला होता. वाराच होता तो. साताचा पाढा चालला होता. सात चोक सत्तावीस.
"अठ्ठावीस," मी मोठ्यानं म्हटलं.
सगळं गप्प झालं. मग अगदी हळू आवाजात, अठ्ठावीस.
झोप कमी पडतेय. उद्यापासून लवकर झोपायचं. शनिवारचा तास राहिलाच आहे, पण यातला अभ्यास आधी वाढवायला हवा.

१८ जानेवारी
पुन्हा निवडणूक, जिल्हा परिषदेची. या वेळी दुसरे साहेब. त्यांनी त्याच जागेवर नवं भूमिपूजन केलं आणि दोन नाही, चार खोल्या जाहीर केल्या. म्हणजे आशा दुप्पट!
एक विचित्र घडलं. पोरं, बायाबापड्या, सगळे सवयीनं दाराशी रांगेत उभे होते. साहेब गाडीतून उतरले आणि तडक चौथीच्या भिंतीतून आत चालत गेले. सगळ्या गावाचा श्वास अडकला. कस्तुराबाई तर "अगं आई गं!" म्हणून ओरडल्याच. साप निघाला असं वाटून साहेबांनी टुणकन उडी मारली. मग नारळ घाईघाईत फुटला आणि ताफा गेला.
मी कपाळ चोळत होते. त्यांनाही लागलं नव्हतं, मलाही नव्हतं. तरी चोळत होते.

२७ मार्च
नवे साहेब निवडून आले. त्यांचा फोन बंद असतो. कामाचा ताण असणार.
ऑर्डर आली, पण खोल्यांची नाही. पट कमी झाला म्हणून शाळा बंद. उरलेली पोरं शेजारच्या गावात जायची, सरांची बदली, माझं मानधन बंद. सर जाताना खडूचा डबा तेवढा माझ्या हातात देऊन गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.
घरी मी अपिलाचा विषय काढला. आबा जेवत होते. म्हणाले, "तुझ्या शब्दावर घण घातला म्या." आणि पाणी प्यायले. मग म्हणाले, "आपल्या अर्पिताचं बी नाव काढून आण. ओढा वलांडून न्हाय जायची ती." अर्पिता माझ्या भावाची मुलगी. शाळेत शेवटपर्यंत राहिलेल्यांपैकी एक.
अपील उद्या लिहायचं.

१५ जून
अपील जवळजवळ लिहून झालं आहे. फक्त सुरुवात राहिली आहे.
सकाळी फाट्यावर उभी होते. खाजाभाईंनी व्हॅन थांबवली. पुढची सीट फडक्यानं पुसली. "बसा मॅडम."
मी त्यांना स्पष्ट सांगितलं, हे तात्पुरतं आहे, निधी येईपर्यंत. तत्त्वात काही फरक पडलेला नाही. ते म्हणाले, "व्हय व्हय." दरवाजा त्यांनीच लावला.
मागं वळून पाहिलं. सगळी दाटीवाटीनं बसली होती. पहिली ते चौथी, गेल्या वर्षी एकेक करून गेलेली सगळी. मी सवयीनं म्हटलं, नमस्ते मुलांनो.
अर्पिता पुढं झुकून कानात म्हणाली, "आत्या, हितं गुड मॉर्निंग मिस म्हणत्यात."
मग सगळे एका सुरात म्हणाले. गावातलं एकही पोर गैरहजर नव्हतं.