लाईट गेली, पेपर संपला

८ ऑगस्ट
आजपासून कॉलेज प्रत्यक्ष. एफ.वाय. आख्खं घरून ऑनलाईन केलं, अठ्ठ्याऐंशी टक्के! आता एस.वाय.ला फक्त जागा बदलणार, डोकं तेच. लेक्चर दहाला, उठलो पावणेदहाला. मालवण-कुडाळ एस.टी. निघून गेलेली. एस.टी.ला लेट जॉईन होता येत नाही, हा सिस्टीमचा दोष.

१० ऑगस्ट
पोचलो. केमिस्ट्रीच्या सरांनी मलाच उभं केलं. मोलॅरिटी म्हणजे काय? मी पटकन म्हणालो, सर, आवाज तुटतोय. वर्ग खो खो हसला. एका दिवसात पॉप्युलर! शेजारची वेनेसा तेवढी वहीत लिहीत होती. घोकंपट्टीवाली दिसते.

२२ ऑगस्ट
प्रॅक्टिकल. ब्युरेट फुटली. हल्ली माल हलकाच येतो. मी सगळे व्हिडिओ दुप्पट स्पीडने पाहिलेत, म्हणजे माझा अभ्यास इतरांच्या दुप्पट.

२८ ऑगस्ट
बाबांनी बजावलं. टेस्टमध्ये नापास झालंस तर शिक्षण बंद, माझ्या होडयेर येवचा. ते पर्यटकांना होडीतून फिरवतात. मी काय लोकांना लाईफ जॅकेटं बांधत बसू? हट्! चतुर्थी झाली की रोज लिहायचा सराव. टाईप करून करून बोटांना पेन पेलवत नाही.

६ सप्टेंबर
आमचा गणपती दीड दिवसाचा, पण मामाचा अजून बसलाय. भजनाला गेलो नाही तर लोक काय म्हणतील? भजनानंतरची उसळ झकास होती. सराव उद्यापासून, नक्की.

१९ सप्टेंबर, संध्याकाळी
टेस्ट. पेपरातला एकही प्रश्न ओळखीचा वाटला नाही, खोटं कशाला लिहू? कशाबशा चार ओळी खरडल्या, तोच विजा कडाडल्या आणि लाईट गेली. देव आहे! एफ.वाय.ला लाईट गेली की पेपर परत व्हायचा. नियमच तो. उत्तरपत्रिका टेबलावर ठेवून निघालो. बाकीचे खिडकीच्या उजेडात लिहीतच बसलेले. वेनेसासुद्धा! बिचाऱ्यांना नियम माहीत नाही. स्टँडवर गरमागरम भजी खाल्ली. घरी सांगितलं, पेपर पुढे ढकलला.

२६ सप्टेंबर
तीसपैकी दोन. पेपर परत नाही म्हणे. सर म्हणाले, कागदाला रेंज लागत नाही. आता सेमिस्टरला बसू देणार नाहीत. हा सरळसरळ अन्याय आहे. विद्यापीठाला कडक मेल टाकणार. इंग्लिशमधून.

२७ सप्टेंबर
मेल राहिला. सकाळपासून रडूच येतंय. शेवटी बाबांना सगळं खरं सांगितलं. ते सीझनसाठी होडी रंगवत होते. त्यांनी एवढंच विचारलं, लाईट गेल्यार बाकीची पोरां काय करी होती? मी म्हणालो, लिहीत होती. बाबांनी ब्रश परत रंगात बुडवला. मला भयंकर लाज वाटली. मग मीच मोठ्या मनाने म्हणालो, ठीक आहे, उद्यापासून येतो होडीवर.

ब्रश न थांबवता बाबा म्हणाले, होडयेर माका मदीच उतरणारो माणूस नको.