अक्कासाठी समुद्रासमोरचा टेन्ट

५ नोव्हेंबर २०२४

रिटायर झाल्यावरची पहिली डायरी. ही कोणी वाचायची नाही, त्यामुळे खरं लिहिणार.

सगळी नोकरी कारखान्याच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये काढली. त्याचा घरच्यांना कधी उपयोग झाला नाही, असं भाग्यलक्ष्मीचं म्हणणं. आता बायकोला दाखवतो. डिसेंबरमध्ये अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, समुद्र दाखवायचा. तोही साधासुधा नाही, ग्लॅम्पिंग. म्हणजे तंबूच, पण आत पलंग, एसी, अटॅच्ड बाथरूम. गोकर्णजवळ, थेट वाळूवर. आमच्या मुलाने, यशोवर्धनने, मोबाइलवर फोटो दाखवले. अक्काने विचारलं, कुणाचं लग्न आहे रे तिथे?

मी तीन वर्षांचा असताना वडील गेले. इथली, बंगळूरच्या बसवनगुडीतली, आपली बाकीची मंडळी अस्थी श्रीरंगपट्टणला नेतात, आमचं घराणं मात्र आजोबांपासून गोकर्णला. मुलाचा हात लागायला हवा म्हणून मला नेलं आणि मला कडेवर घ्यायला अकरा वर्षांच्या अक्काला. पण मुलींनी पाण्यापर्यंत यायचं नाही. समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी काकांनी मला तिच्याकडून घेतलं. ती धर्मशाळेत सगळ्यांच्या चपला राखत बसली. समुद्र मी पाहिला, मला काही आठवत नाही. तिने नुसता आवाज ऐकला, तो तिला अजून आठवतो.

डिसेंबर. पक्कं.

९ नोव्हेंबर

अक्का म्हणते, इतकं कशाला रे रघू, रात्रीच्या बसने जाऊ, लॉजमध्ये उतरू, पाय भिजवून परत येऊ. आपल्या घरातलं माणूस गोकर्णला जातं ते मडक्यातून, मी माझ्या पायांनी जाईन म्हणते. आणि हसली. भाग्यलक्ष्मीही हसली. मला असले विनोद आवडत नाहीत.

पिशवी भरून कॉटखाली ठेवलीसुद्धा. टॉवेल, एक साडी, गांधीबझारातून आणलेल्या रबरी चपला. तिला समजावलं की घाईत खरेदी करायची नसते. तीन क्वोटेशन आल्याशिवाय मी कारखान्यात कधी स्क्रूसुद्धा घेतला नाही.

१६ नोव्हेंबर

अक्काचा इको झाला. हार्टचं पंपिंग बरंच कमी आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कुठे न्यायचं असेल तर आता न्या, पुढचं सांगता येत नाही. म्हणजे प्रवासाला परवानगी मिळाली. एक मोठी अडचण दूर.

भाग्यलक्ष्मीने घरी येईपर्यंत रिक्षात अक्काचा हात सोडला नाही. तिला डॉक्टरांची भाषा कळत नाही.

२१ नोव्हेंबर

पहिलं क्वोटेशन आलं. रोशन नावाचा मॅनेजर आहे, माणूस सभ्य. त्याला प्रश्नावली पाठवली : टेन्टचं तोंड नेमकं कुठल्या दिशेला, भरतीचं पाणी किती लांब राहतं, कमोडला धरायला दांडी आहे का, एसीचं मेक कोणतं. त्याने उत्तरादाखल सूर्यास्ताचा फोटो पाठवला. हे टेक्निकल उत्तर नव्हे.

उद्यापासून रोज लालबागेत चालायचं. वाळूत चालायला स्टॅमिना लागतो.

२२ नोव्हेंबर

थंडी होती. उद्यापासून.

८ डिसेंबर

दुसरं क्वोटेशन आलं, तिसरं येत नाही. तिसऱ्याशिवाय तुलना कशी करणार? यशोवर्धन म्हणाला, बाबा, मी आत्ता फोनवर बुक करून टाकतो, दोन मिनिटं लागतील. या पिढीला प्रोसेस म्हणजे काय ते माहीत नाही. शिवाय आता नाताळची गर्दी. जानेवारीत जाऊ.

अक्का म्हणाली, सरी, म्हणजे बरं. पिशवीतला टॉवेल काढून धुतला, वाळवला, परत घडी करून ठेवला.

५ जानेवारी २०२५

तिसरं क्वोटेशन आलं. दुर्दैवाने पहिल्या दोन्हींची मुदत संपली. पुन्हा मागवली. रोशनने फोन उचलला, माझं नाव ऐकलं आणि लाइन तुटली. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

माझ्यासाठी वॉटरप्रूफ पाउच, टोपी आणि बॅटरी घेतली. तयारी जवळजवळ पूर्ण.

१९ जानेवारी

संक्रांतीनंतर निघायचं ठरलं होतं, पण अक्काच्या पायांवर सूज आली. सूज उतरली की निघू. ती म्हणाली, समुद्रात सुजलेले पायसुद्धा भिजतात रे. आजारी माणसं हट्टी होतात. मी रागावलो नाही.

भाग्यलक्ष्मीच्या भाजी चिरण्यात मात्र फार आवाज होता आज.

२ फेब्रुवारी

सूज उतरली. अक्का दाराशी चपला घालून बसली होती, नुसतीच, चालतात का बघायला म्हणे. आता महाशिवरात्र तोंडावर आली. गोकर्णला रथ, यात्रा, मुंगीला जागा नाही. अशा गर्दीत हार्ट पेशंट नेणारा मी मूर्ख नाही.

मार्च. मार्चमध्ये ऑफ सीझन सुरू होतो, सर्व्हिस चांगली मिळते. सगळ्यांना आनंदाने सांगितलं. सगळे उठून आपापल्या कामाला लागले. एकमताने मंजूर.

३ मार्च

उकाडा. आता एसी अत्यावश्यक. रोशन म्हणतो, सर, संध्याकाळी वारा असतो, एसीची गरज लागत नाही. विकणाऱ्याचं कधी ऐकू नये. एसीचं सर्व्हिस सर्टिफिकेट मागितलं आहे.

रात्री अक्का उशाला तीन उशा घेऊन बसूनच झोपते. आडवं झालं की दम लागतो. टेन्टमध्ये जादा उशा मिळतात का, विचारायला हवं.

११ मार्च

अक्काला ॲडमिट केलं. किरकोळ. पाणी काढतील आणि सोडतील.

१४ मार्च

आयसीयूत एसी फार आहे. अक्काने नर्सला सांगून दोन पांघरुणं घेतली. मला म्हणाली, मला एसी सोसत नाही हे तुला किती वर्षं सांगते रे. मला खरंच आठवेना. लगेच बाहेर येऊन रोशनला मेसेज केला : एसी रद्द. साधा टेन्ट चालेल. त्याने लगेच कळवलं की साधा आजच मिळेल. बघा, शांतपणे घेतलं की असं सोपं होतं.

उगादी, म्हणजे पाडवा, झाली की निघायचं. अक्काला सांगितलं, समोरच्या रांगेतला आहे, पडदा उघडला की समुद्र. ती म्हणाली, आवाज येईल ना? म्हटलं, येईल. म्हणाली, मग झालं.

माझा हात बराच वेळ धरून होती. तिची बोटं गार होती. एसीमुळे.

१८ मार्च

बुकिंग कन्फर्म!! उगादीनंतरचा पहिला सोमवार. प्रिंट काढून अक्काला दाखवली. मास्क लावला होता, पण मान हलवली. आयुष्यात इतक्या ऑर्डरी काढल्या, इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

२२ मार्च

अक्का पहाटे गेली.

२३ मार्च

रोशनला कळवायचं राहिलं आहे.

२५ मार्च

सगळे म्हणाले, श्रीरंगपट्टणला जा, जवळ आहे. मी म्हणालो, गोकर्ण. पहिल्यांदाच सगळ्यांनी माझं लगेच ऐकलं. यशोवर्धनने दोन मिनिटांत बसची तिकिटं काढली.

२७ मार्च. गोकर्ण

रात्रीच्या बसने आलो. कंडक्टर म्हणाला, सामान खाली डिकीत टाका. मी म्हणालो, हे मांडीवरच राहील. त्याने लाल फडक्यात बांधलेलं मडकं पाहिलं आणि पुढच्या सीटकडे वळला. रात्रभर घट्ट धरून बसलो. हात भरून आले तरी यशोवर्धनकडे दिलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीने मला एवढ्या लांबवर कसं आणलं असेल कोण जाणे.

लॉजमध्ये उतरलो. स्वच्छ होतं.

गल्लीच्या तोंडाशी भटजी म्हणाले, बायकांनी इथेच थांबावं. भाग्यलक्ष्मी म्हणाली, मी इथे कुणाच्या चपला राखायला आलेले नाही. आणि आमच्या पुढे चालू लागली. पाण्यात उभी राहून ती मोठ्याने रडली. मी रडलो नाही. मला तोल सांभाळायचा होता. मडकं रिकामं झालं तेव्हा इतकं हलकं लागलं की मी पुन्हा आत वाकून बघितलं.

पाय पुसायला भाग्यलक्ष्मीने पिशवीतून टॉवेल काढला. अक्काचीच पिशवी. चपलाही होत्या, तळवे कोरे. मग मात्र मला आवरेना. वाळूत बसून टॉवेल तोंडावर धरून रडलो. माणसं बघत होती. बघू देत.

दुपारी रिक्षा करून एकटाच कॅम्प बघायला गेलो. रद्द करणं प्रत्यक्ष भेटून केलेलं बरं. रोशन पोरसवदा निघाला. नाव सांगताच म्हणाला, अरे, ते एसीवाले सर! मॅडम कुठे आहेत, तुमच्या सिस्टर? मी सांगितलं. त्याने खुर्ची आणली, पाणी आणलं. मी विचारलं, मला आधी का मिळाला नाही हा टेन्ट? तो म्हणाला, सर, शनिवार-रविवार सोडले तर हा नोव्हेंबरपासून रिकामाच आहे. तुम्ही कधीही आला असता तरी चाललं असतं.

मग टेन्टची पाहणी केली. चेन अर्धीच लागते. बाथरूमला दार नाही, पडदा आहे. कमोडला दांडी नाही. पलंग करकरतो. आत भट्टीसारखं तापतं. एकाही मुद्द्यावर पास होणार नाही. घाई केली असती तर फसलोच असतो, असं रोशनला स्पष्ट सांगितलं. तो सरी सर म्हणाला.

पडदा उघडला की समुद्र. आवाज येतो.

लॉजवर परत आल्यावर भाग्यलक्ष्मीने विचारलं, कसा होता टेन्ट? म्हटलं, अगदी सुमार. रिजेक्ट.

अक्काला आवडला असता.