कोळशाची चित्रं

सांतो दोमिंगो, मंगळवार

लाडक्या आईस, मिर्लांदचे दोन्ही गालांवर मुके.

माझा खोकला बराच कमी आहे. डॉक्टरांनी तैलरंग आणि टर्पेंटाइन कायमचं बंद करायला लावलं, म्हणून आता मी कागदावर कोळशाने चित्रं काढते. आपल्या जाकमेल गावचा बाजार, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, सगळं काळंच. मला ते पूर्वीपेक्षा खरं वाटतं.

गॅलरीवाला आनीबाल मात्र हसला. म्हणाला, "बाई, कोळसा चुलीत घाल. गिऱ्हाइकांना रंग लागतात."

काल त्याच्या काचेमागे एक नवं तैलचित्र दिसलं. रंग अजून ओला होता आणि खाली माझी सही होती. ते मी काढलेलंच नव्हतं. जाब विचारला तर म्हणतो, "लोक तुझं नाव विकत घेतात. चित्र काढायला तू कशाला हवीस?"

पोलिसांकडे कशी जाऊ? सीमेपलीकडून आलेली मी, इथे राहायचा परवाना कुठे आहे माझ्याकडे?

तू काळजी करू नकोस, मी वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? नीरफणसाला फळं धरली का?

कोळशाच्या चित्रांवर आता तुझ्या माहेरच्या नावाने सही करते. रागावू नकोस. ते नाव कुणी चोरणार नाही, कारण इथे त्याला कुणी ओळखतच नाही.

तुझीच लेक,
मिर्लांद